अमेरिकन फुटबॉलमध्ये एका मैदानावर सात पंच कशाला? सगळे चेंडूच बघतात ना?

नाही, उलट सगळे चेंडू बघायला लागले तर सामन्याचा बट्ट्याबोळ होतो. मी न्यू जर्सीत शाळांच्या सामन्यांना लाईन जज म्हणून उभा राहतो. आम्हाला सुरुवातीलाच घोटून घेतलं ते हेच: चेंडू ज्याच्या वाट्याला असेल त्यानेच बघायचा, बाकीच्यांनी माणसं बघायची. मैदानावर २२ जण असतात आणि जर्सी ओढणं, मागून ढकलणं हे प्रकार बरेचदा चेंडूपासून लांबच चालतात.

अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगचंच घ्या. पांढऱ्या टोपीतला रेफरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या मागे, तो ज्या हाताने फेकतो त्या बाजूला असतो. पास सुटला की अख्ख्या स्टेडियमची मान चेंडूमागे वळते. रेफरीने मात्र क्वार्टरबॅकवरच डोळा ठेवायचा, कारण फेकून झाल्यावर त्याला कोणी आपटलं का, हे बघणं त्याचंच काम. लाईन जज आणि डाउन जज समोरासमोरच्या साईडलाईनवर, लाईन ऑफ स्क्रिमेजच्या, म्हणजे खेळ सुरू होताना चेंडू जिथे असतो त्या रेषेच्या, अगदी सरळ रेषेत. स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधी, कोण पुढे घुसला हे तिथूनच कळतं, स्क्वेअर लेगच्या पंचाला क्रीज दिसते तसं. फील्ड जज आणि साईड जज त्यांच्यापुढे साधारण २० यार्डांवर, आणि बॅक जज मधोमध सगळ्यात खोल.

राहिला अंपायर. पूर्वी तो बचावफळीच्या मागे, ऐन गर्दीत उभा असायचा आणि धडका खायचा. म्हणून एनएफएलने २०१० मध्ये त्याला आक्रमण करणाऱ्या संघाच्या मागे नेलं. शाळा-कॉलेजात तो अजून त्या गर्दीतच असतो. मला विचाराल तर सगळ्यात अवघड जागा तीच.

या जागा कोणीही पाठ करेल, खरी कसोटी स्नॅपनंतर. प्रत्येकाला सुरुवातीला एक खेळाडू नेमून दिलेला असतो, त्याला आम्ही 'की' म्हणतो. सगळ्यात बाहेरचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलायला धावणारा खेळाडू, त्या बाजूच्या फील्ड किंवा साईड जजचा. तीन रिसीव्हर एकाच बाजूला आले, की सगळ्यात आतला बॅक जज घेतो. पहिले काही क्षण माणूस, मग पास हवेत गेला की आपापला भाग.

आमच्या शाळांच्या सामन्यांत बहुतेक वेळा पाचच पंच असतात, फील्ड आणि साईड जज नाहीतच. मग दोन्ही अख्ख्या साईडलाईन आम्हा दोघांच्या, म्हणजे लाईन जज आणि समोरच्या साईडलाईनवरच्या पंचाच्या गळ्यात. चेंडू गोल लाईनजवळ, म्हणजे जी ओलांडली की टचडाउनचे गुण मिळतात त्या रेषेजवळ असेल तर स्नॅप होताच आम्ही आधी गोल लाईन गाठतो आणि धावणारा अलीकडेच अडला तर उलटे आत येतो. आधी आत थांबून मग धावलात, तर चेंडू तुमच्या आधी पोचलेला असतो.

दोघांची नजर एकाच झेलावर असेल, तर हात वर करण्याआधी एकमेकांकडे बघायचं, हा शिरस्ता आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये सिएटल विरुद्ध ग्रीन बे सामन्यात हेच राहिलं. नेहमीच्या पंचांशी लीगचा वाद सुरू असल्यामुळे तेव्हा बदली पंच होते. शेवटच्या पासवर शेजारी शेजारी उभ्या दोघांपैकी एकाने टचडाउन दिला, दुसऱ्याने डोक्यावर हात हलवून घड्याळ थांबवण्याची खूण केली. टचडाउन कायम राहिला, सिएटलने सामना १४-१२ असा जिंकला आणि दोनच दिवसांत लीगने नेहमीच्या पंचांशी समझोता केला.