प्रेस मशीनवर बोटं चेंगरली. सुपरवायझर म्हणतो टाके निघाले की ये. जावं का?

टाके निघाले म्हणजे हात कामाला आला असं नाही. माझे बाराव्या दिवशी निघाले, पण चहाचा कप नीट धरायला महिना लागला, मूठच वळेना. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर घाई कशाला? डॉक्टर फिट म्हणेपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के पैसे मिळतात. फक्त अपघाताची नोंद रजिस्टरमध्ये झालीय ना, ते आधी बघा. मला तर ‘घरी लागलं म्हणून सांग’ म्हणाले होते! फिटनेस सर्टिफिकेट घेऊनच जा, सुरुवातीला पॅकिंगसारखं हलकं काम लेखी मागा. प्रेसवर बसण्याआधी गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं मशीनचं संरक्षक कव्हर, जागेवर आहे का बघा, आणि दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायच्या ऐवजी एकच बटण दाबून प्रेस खाली येत नाही ना, तेही मेंटेनन्सवाल्याकडून तपासून घ्या. आमच्या मशीनचं दुसरं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं होतं.