वाचकांचे प्रश्न: ‘मेन’मधून कोड बाहेर काढला आणि बिल्ड अडला

प्रश्न: ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला बीएमई२८० हा तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारा सेन्सर आयटूसी या दोन तारांच्या बसने जोडला आहे. सगळा कोड ‘मेन’ फोल्डरमध्ये होता तोवर ईएसपी-आयडीएफचा (ईएसपी३२साठीच्या डेव्हलपमेंट फ्रेमवर्कचा) बिल्ड नीट व्हायचा. सेन्सरचा भाग ‘कॉम्पोनंट्स/सेन्सर’मध्ये हलवल्यापासून ‘ड्रायव्हर/आयटूसी_मास्टर.एच’ हे हेडर (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) सापडत नाही अशी एरर येते. फाइल तर जागेवर आहे. आयडीएफ पुन्हा इन्स्टॉल करू का?

उत्तर: नको, इन्स्टॉलेशन ठीक आहे. ‘मेन’ला आयडीएफमध्ये खास सवलत असते. त्याने काहीही मागितले नाही तरी बिल्डमधले सगळे कॉम्पोनंट (कोडचे स्वतंत्र भाग) त्याला दिसतात. इतरांना मात्र जे लागेल ते नाव घेऊन मागावे लागते. फ्रीआरटीओएस (छोटी ऑपरेटिंग सिस्टिम), लॉग असे मोजके तेवढे न मागता मिळतात.

‘सेन्सर’ फोल्डरमधली सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी ही बिल्डच्या सूचनांची फाइल उघडा. ‘आयडीएफ_कॉम्पोनंट_रजिस्टर’मध्ये एसआरसीएसपुढे सी फाइल, इन्क्लूड_डिर्सपुढे हेडरचा फोल्डर आणि प्रिव्ह_रिक्वायर्सपुढे ‘ईएसपी_ड्रायव्हर_आयटूसी’ लिहा. हे नाव आवृत्ती ५.३पासूनचे. ५.२ वापरत असाल तर तिथे नुसते ‘ड्रायव्हर’ लिहा, कारण तेव्हा आयटूसीसह बहुतेक ड्रायव्हर त्या एकाच कॉम्पोनंटमध्ये होते.

प्रिव्ह_रिक्वायर्स की रिक्वायर्स, यात बरेच जण फसतात. पहिले फक्त या कॉम्पोनंटपुरते असते, दुसरे याचे हेडर वापरणाऱ्यांपर्यंतही पोहोचते. आयटूसीचे हेडर फक्त सेन्सर.सीमध्ये घेतले असेल तर प्रिव्ह_रिक्वायर्स पुरे. पण इनिट फंक्शनला बसचे हँडल द्यायचे म्हणून ते सेन्सर.एचमध्येच घेतले असेल, तर रिक्वायर्स हवे. इथे चूक झाली तरी ‘सेन्सर’ कंपाइल होतो, ‘मेन’ही होतो, सेन्सर.एच वापरणारा तिसरा कॉम्पोनंट आला की तीच एरर पुन्हा उभी राहते, आणि लोक त्या नव्या कॉम्पोनंटमध्ये दोष शोधत बसतात.

मेन्यूकॉन्फिगमधल्या (प्रोजेक्टच्या सेटिंग्जच्या मेन्यूतल्या) पर्यायावर ‘इफ’ लावून रिक्वायर्स बदलू नका. ही यादी कॉन्फिगरेशन लोड होण्याआधीच वाचली जाते, त्यामुळे ती अट लागूच पडत नाही. सोर्स फाइलींची यादी तशी बदलली तर चालते. आणि स्वतःच्या फोल्डरला ‘ड्रायव्हर’ हे नाव कधीही देऊ नका. प्रोजेक्टमधला कॉम्पोनंट आयडीएफमधल्या त्याच नावाच्या कॉम्पोनंटची जागा घेतो. मग भलत्याच ठिकाणी ढिगाने एरर येतात.

प्रश्न: हेडर सापडले, पण शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो आणि सेन्सर_इनिटचे नाव दिसते. फुलक्लीन करूनही (जुना बिल्ड पुसूनही) तेच.

उत्तर: ही तक्रार लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या टूलची. घोषणा मिळाली, फंक्शन मिळाले नाही. आता रिक्वायर्स चाळण्याआधी एररमधले नाव नीट वाचा. नावापुढे कंस असतील, तर बोलावणारी फाइल सी++ आहे आणि फंक्शन बहुधा सीमध्ये लिहिलेले आहे, सेन्सर.एचमधल्या घोषणा ‘एक्स्टर्न सी’मध्ये घाला, म्हणजे नाव सीच्या पद्धतीने शोधले जाईल. कंस नसतील तर सेन्सर.सीचे नाव एसआरसीएसमध्ये आहे का, फंक्शनच्या आधी ‘स्टॅटिक’ राहून गेले आहे का, ते बघा.

एसआरसीएसऐवजी एसआरसी_डिर्स वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. नवी फाइल टाकल्याचे सीमेकला (बिल्डची मांडणी करणाऱ्या टूलला) आपोआप कळत नाही, ‘आयडीएफ.पीवाय रीकॉन्फिगर’ चालवावे लागते. आमच्या मते फाइलींची नावे एकेक लिहिणेच बरे.

प्रश्न: बिल्ड झाला, पण बोर्ड सारखा रीसेट होतो. लॉगमध्ये ‘कॉन्फ्लिक्ट’ आणि ‘ड्रायव्हर_एनजी’ असे शब्द आहेत.

उत्तर: जुना आणि नवा आयटूसी ड्रायव्हर एकाच प्रोग्रॅममध्ये आले आहेत. ‘ड्रायव्हर/आयटूसी.एच’ हा मजकूर ‘कॉम्पोनंट्स’ आणि ‘मॅनेज्ड_कॉम्पोनंट्स’ (कॉम्पोनंट मॅनेजरने डाउनलोड केलेले) या दोन्ही फोल्डरांत शोधा. बहुतेक वेळा तो डिस्प्लेच्या एखाद्या जुन्या लायब्ररीत निघतो. तिची नवी आवृत्ती नसेल तर फोल्डर ‘कॉम्पोनंट्स’मध्ये कॉपी करून तिथे बदल करा. ‘मॅनेज्ड_कॉम्पोनंट्स’मध्ये थेट बदल केलात तर पुढच्या बिल्डला कॉम्पोनंट मॅनेजर हॅश (फाइलींच्या मजकुराची खूण) जुळत नाही म्हणून अडून बसतो.