वारेतल्या जनुकांचं काय होतं? प्रीएक्लॅम्प्सियाविषयी वाचकांचे प्रश्न

गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो. सोबत लघवीतून प्रथिन जाऊ लागतं, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, प्लेटलेट यांपैकी कशावर तरी ताण दिसतो. हा प्रीएक्लॅम्प्सिया. त्यात वारेतली जनुकं वेगळी का वागतात, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेते आहे.

प्रश्न: पहिल्या खेपेला ३१व्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सियामुळे माझं सिझेरियन करावं लागलं. ‘वारेतल्या जनुकांमध्ये बदल होतात’ असं नंतर वाचनात आलं. म्हणजे दोष माझ्या जनुकांत आहे का?

तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक ‘जनुक-अभिव्यक्ती’बद्दल असणार. जनुकं तीच राहतात. त्यातलं कुठलं किती वापरलं जातं, म्हणजे कुठल्या जनुकावरून किती आरएनए (जनुकाची कामापुरती नक्कल, म्हणजेच संदेश) आणि पुढे किती प्रथिन तयार होतं, ते बदलतं. प्रीएक्लॅम्प्सियाच्या वारेत जे फरक मोजले जातात ते मुख्यतः असे वापरातले फरक आहेत.

ते का पडतात हे समजायला सुरुवातीच्या महिन्यांकडे जावं लागतं. वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या वळणदार धमन्यांचं स्नायूंचं अस्तर काढून त्यांना रुंद, सैल करतात. लवकर सुरू होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात हे काम बऱ्याचदा अर्धवट राहतं. धमनीचं तोंड अरुंदच राहतं आणि पाण्याच्या नळीचं टोक बोटाने दाबल्यावर पाणी उसळावं तसं रक्त वारेवर जोराने, अनियमितपणे आदळतं. ऑक्सिजन कधी मिळतो, कधी तुटतो. अशा वेळी पेशीत एचआयएफ नावाची प्रथिनं टिकून राहतात आणि ती अनेक जनुकांचा वापर वाढवतात. थोडक्यात, वारेतले बरेचसे बदल म्हणजे अडचणीत सापडलेल्या अवयवाने दिलेलं उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला प्रत्येक आईला सांगावीशी वाटते. वार गर्भाबरोबर वाढते, तिच्यातली निम्मी जनुकं वडिलांकडून आलेली असतात. नॉर्वेतल्या जन्मनोंदींवरच्या १९९८ सालच्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या पुरुषाच्या एका जोडीदाराला प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता, त्याच्यापासून दुसऱ्या स्त्रीला राहिलेल्या गर्भातही धोका जवळजवळ दुपटीने जास्त होता. घरात आईला किंवा बहिणीला झाला असेल तरी धोका वाढतो, हेही खरं. पण एका व्यक्तीवर बोट ठेवता येईल असा हा आजार नाही. तुमच्या कामात, खाण्यात किंवा काळजी करण्यात त्याचं मूळ शोधत बसू नका, कृपा करून.

प्रश्न: मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. या विषयात एफएलटी-१ हे जनुक सारखं समोर येतं. त्याला एवढं महत्त्व कशामुळे?

कारण या एका जनुकात वारेपासून आईच्या मूत्रपिंडापर्यंतची साखळी जवळजवळ पूर्ण दिसते.

एफएलटी-१ पासून पेशीच्या आवरणात रोवलेला एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारं प्रथिन) तयार होतो. व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ही रक्तवाहिन्यांना जोपासणारी प्रथिनं त्याला चिकटतात. पण याच जनुकाचा आरएनए कापून-जोडताना संदेश मध्येच संपवला, तर ग्राहकाचा पेशीबाहेरचा भाग तेवढा तयार होतो. आवरणात रुतण्यासाठी लागणारा तुकडा त्यात नसतो, म्हणून तो सुटून रक्तात फिरू लागतो. याला विद्राव्य एफएलटी-१ म्हणतात. मानवी वारेत त्याचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, त्यात संदेश ‘१५ए’ नावाच्या पर्यायी एक्सॉनवर (जनुकाच्या एका तुकड्यावर) संपतो. प्रीएक्लॅम्प्सियात एकूण वापर वाढतोच, शिवाय हे आखूड प्रकार खूप जास्त बनतात.

रक्तात आलेला हा तुकडा व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ यांना धरून ठेवतो. आईच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मग ती पुरेशी मिळत नाहीत. मूत्रपिंडाच्या गाळणीतलं अस्तर टिकण्यासाठी व्हीईजीएफ सतत लागतं. ते कमी पडलं की तिथल्या पेशी सुजतात आणि प्रथिन लघवीत उतरतं. इतर वाहिन्या आकसतात, दाब चढतो. संशोधक अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ साली हे दाखवून दिलं. वारेतल्या जनुकांची तुलना करताना एफएलटी-१ चा वापर वाढलेला दिसला, म्हणून त्यांनी गाभण उंदरांमध्ये हे विद्राव्य प्रथिन वाढवलं. त्यांना रक्तदाब झाला, लघवीत प्रथिन आलं आणि मूत्रपिंडात प्रीएक्लॅम्प्सियासारखीच सूज दिसली. नुसत्या यादीतल्या नावाला कारणाच्या जागी बसवणारा हा प्रयोग होता, म्हणून मी त्याला इतकं मानते. पुढे विद्राव्य एंडोग्लिन हे दुसरं प्रथिनही असंच सापडलं.

हे जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे. गर्भात त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतील, तर आईला प्रीएक्लॅम्प्सिया होण्याचं प्रमाण वाढतं. २०१७ साली बाळांच्या जनुकसंचांच्या मोठ्या अभ्यासातही धोक्याशी जोडलेली जागा एफएलटी-१ च्या शेजारीच मिळाली. वेगवेगळ्या वाटांनी येऊन पुरावे एकाच ठिकाणी थांबतात, असं या विषयात क्वचितच घडतं.

प्रश्न: मी वारेच्या नमुन्यांवर आरएनए सिक्वेन्सिंग (त्यातला सगळा आरएनए वाचून मोजणं) करतो. दोन अभ्यासांतल्या जनुकांच्या याद्या जुळतच नाहीत. चूक कुठे होते?

बऱ्याचदा मशीनवर जाण्याआधीच. वार बशीत आल्यावर तुकडा कुठून घेतला ते आधी पाहा. नाळेजवळून की कडेने? आईच्या बाजूचा थर कापून काढला होता का? रक्त नीट धुतलं का? गोठवायला किती वेळ लागला? मध्यभाग आणि कड यांना मिळणारा रक्तपुरवठा वेगळा, म्हणून जनुकंही वेगळी दिसतात. बाळंतकळा हा स्वतःच वारेवरचा ताण आहे. कळा येऊन झालेली प्रसूती आणि कळांविना झालेलं सिझेरियन यांची सरमिसळ केलीत, तर तुम्ही आजार मोजताय की कळा, हे सांगता येणार नाही.

सर्वांत अवघड प्रश्न तुलनेचा आहे. ३० आठवड्यांच्या प्रीएक्लॅम्प्सियाची वार कशाशी ताडून पाहणार? निरोगी गर्भारपण ३०व्या आठवड्यात संपत नाही. पूर्ण दिवसांची वार घेतली तर वयाचा फरक आजाराच्या नावावर जातो. मुदतपूर्व प्रसूतीची घेतली तर तिथे अनेकदा जंतुसंसर्ग असतो. निर्दोष तुलनागट मिळत नाही. निदान कुठला दोष पत्करलात ते शोधनिबंधात स्पष्ट लिहा.

दुसरं, तुकड्यात अनेक जातींच्या पेशी असतात. एखाद्या जातीचं प्रमाण बदललं तरी जनुकाचा वापर बदलल्यासारखा भासतो. एकेका पेशीचा आरएनए वेगळा वाचणारी एकल-पेशी पद्धत इथे उपयोगी आहे, पण सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट हा थर असंख्य केंद्रकांचा एकसंध पदर आहे, त्यातून सुट्या पेशी निघत नाहीत. विद्राव्य एफएलटी-१ प्रामुख्याने याच थरातून येतं, तेव्हा पेशींऐवजी एकेक केंद्रक वाचणारी एकल-केंद्रक पद्धत घ्या.

आणि प्रीएक्लॅम्प्सिया हा एकच आजार नसावा. अनेक अभ्यासांचे नमुने एकत्र करून गटवारी केली, तेव्हा काही वारांमध्ये ऑक्सिजनच्या ताणाची खूण ठळक दिसली, काहींत प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकं पुढे होती आणि काही तर निरोगी वारेसारख्याच होत्या. ३४ आठवड्यांआधीची आणि नंतरची प्रकरणं एकाच पिशवीत घालू नका. एवढं सांभाळलंत की एफएलटी-१, एंडोग्लिन, लेप्टिन, इन्हिबिन-ए आणि पीएपीपीए-२ ही नावं तुमच्याही यादीत वर येण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न: हे सगळं वार बाहेर आल्यावर कळतं. आधी कळण्याचा काही मार्ग?

आहे. विद्राव्य एफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर आईच्या रक्तात मोजता येतं. लक्षणं दिसायच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून विद्राव्य एफएलटी-१ चढू लागतं, असं २००४ सालीच दिसलं होतं. २०१६ सालच्या मोठ्या अभ्यासात, शंका असलेल्या स्त्रियांमध्ये गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया न होण्याची खात्री ९९ टक्क्यांहून अधिक होती. मात्र आकडा वर असणं म्हणजे आजार होणारच, असं नाही. ही चाचणी धीर द्यायला जास्त उपयोगी आहे.

वारेतून आईच्या रक्तात सुटणाऱ्या आरएनएचे तुकडे वाचण्याचं कामही सुरू आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी लक्षणांच्या कितीतरी आधी धोक्याची खूण मिळू शकते असं दाखवलं. मला या दिशेकडून फार आशा आहे, कारण सुरुवात होत असतानाची वार एरवी आपल्या हाती जवळजवळ लागतच नाही.

प्रश्न: मग एफएलटी-१ बंद करणारं औषध का देत नाहीत?

प्रयत्न चालू आहेत. विद्राव्य प्रकारांचाच आरएनए मोडणारे छोटे आरएनए तयार करून गाभण बबून माकडिणींना दिल्यावर दाब आणि लघवीतलं प्रथिन उतरलं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालं. आईचं रक्त यंत्रातून फिरवून ते प्रथिन गाळून काढण्याचे छोटे प्रयोगही झाले आहेत. पण पोटात बाळ असताना औषधाला सुरक्षिततेची कसोटी फार कडक असते, आणि असलीच पाहिजे.

आज हाती असलेला उपाय साधा आहे. धोका जास्त असलेल्यांना डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत ती ११ ते १४ आठवड्यांत सुरू करून रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली, तेव्हा ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. पहिला प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी हा विषय काढावा. मनाने मात्र गोळी सुरू करू नये.

प्रश्न: वार पडली की आजार संपतो ना?

विद्राव्य एफएलटी-१ प्रसूतीनंतर झपाट्याने उतरतं, पण रक्तवाहिन्या सावरायला वेळ घेतात. या आजारातले फिटचे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. पहिल्या काही आठवड्यांत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं किंवा दम लागणं यांपैकी काहीही झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. पुढील आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला राहतो. म्हणून दरवर्षी रक्तदाब तपासून घ्या, आणि प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेला आहे हे प्रत्येक नव्या डॉक्टरला न विचारता सांगा.