क्षार काढायचे की घालायचे?

परभणीहून विचारणा आली आहे : "बोरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून फिल्टर बसवला. आता विक्रेता म्हणतो, अल्कलाइन पाणी प्या, नाहीतर रक्त आम्लधर्मी होईल. मुलाच्या पुस्तकात क्षार म्हणजे मीठवर्ग, हिंदी माध्यमातल्या शेजाऱ्याच्या पुस्तकात क्षार म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. मग क्षार काढायचे की घालायचे?"

आम्ल सोडून देतो, लिंबू कुणालाही कळतं. घोळ क्षाराचा आहे, आणि तो परिभाषा घडवणाऱ्यांनी घातलेला आहे. आयुर्वेदाच्या संस्कृतात लवण म्हणजे मीठ आणि क्षार म्हणजे राखेतून निघणारा दाहक पदार्थ, अशी स्वच्छ वाटणी होती. हिंदीनं ती राखली. आपण क्षार मिठाच्या नावावर करून दिला आणि मूळ मालकाला अल्क, आम्लारी असे नवे कपडे शिवले. बोलीत खारं म्हणजे खारटच, असं या मंडळींचे कैवारी म्हणतात. असेल. पण त्याच बोलीत पापडखार आहे, तो मिठाऐवजी वरणात घालून दाखवावा!

प्राचीन शल्यवैद्य सुश्रुत व्युत्पत्ती देतो : 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः'. टीकाकार त्यातून झिजवणं, कुरतडणं काढतात. मला ते पटत नाही. क्षार करायचा कसा? झाडं जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, निथळलेलं पाणी आटवायचं. क्षर् म्हणजे पाझरणं, आपला झरा त्याचाच भाऊबंद. नाव या निथळण्यावरूनच पडलं असणार. जे पाझरत नाही, सरत नाही, ते अक्षर! तिकडे अरबांचं अल्-किली म्हणजेही राखच, भाजण्याच्या क्रियापदावरून आलेलं. कल्हईसुद्धा यातलीच, असं ठासून सांगणारे भेटतात. साफ चूक. ती कलई म्हणजे कथील. धातू दोन्ही अर्थांनी वेगळा.

आणि क्षारानं जास्त भाजलं तर आंबट कांजी वापरा, हेही सुश्रुतच सांगतो. आम्ल आणि अल्क एकमेकांचा जोर मारतात, ते उदासिनीकरण रसांच्या, म्हणजे चवींच्या, भाषेत मांडलेलं ते हेच.

हां, रक्त. त्याचा सामू (pH, आम्ल-अल्क मोजण्याचं माप) ७.३५ ते ७.४५ एवढ्यातच राहतो. आम्ल वाढलं की रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यातलाच अल्कधर्मी भाग, ते पकडतं, त्यातून झालेला कार्बन डायऑक्साइड आपण श्वासावाटे सोडतो, आणि खर्ची पडलेलं बायकार्बोनेट मूत्रपिंडं भरून काढतात. विक्रेत्याचं पाणी तर जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लातच संपतं. बोरच्या पाण्यातली कॅल्शियम-मॅग्नेशियमची लवणं मात्र खरी. डाळ शिजत नाही ती त्यांच्यामुळे. ती खुशाल काढा.

जुलाबात देतात ती क्षारसंजीवनी (ओआरएस) तेवढी गमतीची. मीठ आहे, म्हणून पुस्तकी अर्थानं क्षार. पण जुलाबात बायकार्बोनेट वाहून जातं आणि रक्त आम्लाकडे झुकतं, म्हणून पुडीत ट्रायसोडियम सायट्रेटही असतं आणि शरीरात त्याचं बायकार्बोनेट होतं. म्हणजे सुश्रुताच्या अर्थानंही क्षारच.