पाय फ्रेममध्ये राहू देत

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू बसवलेल्या नाचाचा व्हिडिओ पाहिला. ताल पक्का आहे, मुलांची मेहनतही कळते. पण दर दोन सेकंदांनी कट, आणि नेमका पाय पडायच्या क्षणी कॅमेरा चेहऱ्यावर! एवढी तालीम एडिटिंगमध्ये वाया गेली याचं फार वाईट वाटलं. नवीन काही शूट करण्याआधी जुन्या हॉलिवूडचे संगीतपट बघ.

सुरुवात नर्तक-नट फ्रेड अस्टेअरपासून कर. नाचताना डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं शरीर दिसलंच पाहिजे आणि कट कमीत कमी हवेत, हा त्याचा हट्टच होता. १९३६चा 'स्विंग टाइम' लाव. त्यात फ्रेडची जोडीदार जिंजर रॉजर्स नृत्यशाळेत शिक्षिका आहे. फ्रेड नाच येत नसल्याचं सोंग करून धडपडत राहतो आणि त्यापायी तिची नोकरी जाते. मग तिने आपल्याला किती छान शिकवलं हे मालकाला दाखवायला तो तिला नाचायला फ्लोअरवर ओढून नेतो. इथे तिच्याकडे नीट बघ. आधी ती चकित होते, मग सावध, मग हळूहळू खुलत जाते. शेवटी दोघं बाजूचा बुटका कठडा ओलांडतात तेव्हा तिचा राग कुठल्या कुठे गेलेला असतो. हे सगळं पावलांनी सांगितलंय. हे नाच अजून ताजे वाटतात ते यामुळेच. याच सिनेमाच्या शेवटाकडच्या विरहाच्या नाचाला म्हणे ४७ टेक लागले. आपले पाय रक्ताळले होते, असं जिंजरनेच पुढे सांगितलंय. पडद्यावर मात्र थकव्याचा मागमूस नाही.

नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कलीचे उंचावरून टिपलेले नाच भव्य आहेत. तेही बघ, पण मला त्यात आकृत्याच जास्त दिसतात, माणूस कमी.

आणि निकोलस बंधू ही नर्तक भावांची जोडी चुकवू नकोस. १९४३च्या 'स्टॉर्मी वेदर'मध्ये फेयार्ड आणि हॅरल्ड मोठमोठ्या पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत खाली येतात. दर उडीनंतर दोन्ही पाय फाकवून थेट स्प्लिटमध्ये पडतात आणि हात न टेकता उभे राहतात. कॅमेरा लांबून नुसता बघतो, म्हणून आपल्याला खात्री पटते की हे खरंच घडलं. इतकी जबरदस्त कला असूनही कृष्णवर्णीय म्हणून त्या काळच्या हॉलिवूडने त्यांना मुख्य भूमिका दिल्या नाहीत. बघताना हेही लक्षात असू दे.

प्रत्येक नाच एकदा आवाज बंद करून बघ, एकदा डोळे मिटून नुसता ऐक. टॅपचा, म्हणजे बुटांनी जमिनीवर वाजवलेला, ठेका कुठे गाण्याच्या पुढे धावतो आणि कुठे मुद्दाम मागे रेंगाळतो, ते कानाला कळेल.

मग तुझाच नाच पुन्हा शूट कर. कॅमेरा थोडा मागे घे, मुलांना पूर्ण दिसू दे, आणि एकही कट न करता मला पाठव. मी वाट बघतोय.