येऊ घातलेली इंजिने: इथे 'घातलेली' काय करते?

प्रश्न एका रेल्वेप्रेमी वाचकाचा आहे. त्यांनी लिहिलेले वाक्य असे: "येऊ घातलेल्या नव्या विद्युत प्रवासी इंजिनांबाबतची उत्सुकता दिवसेंदिवस शिगेला पोहोचत आहे." मित्राने 'येऊ घातलेल्या' कापले आणि वर 'येणाऱ्या' लिहिले. त्याचे म्हणणे, घालायचे ते कपडे आणि भाजीत मीठ. इंजिन 'येऊ' कसे घालेल? तर बरोबर कोण?

वाचक. पण त्याच वाक्यात आणखी दोन जागा आहेत, तिकडे मित्राचे लक्षच गेले नाही. त्या शेवटी बघू.

मराठीत 'ऊ'कारान्त रूपापुढे येणारे 'घालणे' दोन प्रकारचे आहे. 'आईने बाळाला न्हाऊ घातले', 'पाहुण्यांना जेवू घातले' हा पहिला प्रकार. इथे एकजण दुसऱ्याकडून ती क्रिया करवतो. हे क्रियापद सगळ्या काळांत चालते: जेवू घालते, जेवू घालीन, जेवू घाल. मित्राच्या डोक्यात बहुधा हेच होते, आणि त्या अर्थाने इंजिनाला कोणी 'येऊ घालत' नाही हे खरेच.

दुसरा प्रकार 'निवडणुका येऊ घातल्या आहेत', 'पडू घातलेली भिंत', 'मोडू घातलेला संसार' यांतला. यात करवून घेणारा कोणी नाही. क्रिया सुरू झाली आहे, तिची चिन्हे दिसताहेत, पण ती पुरी झालेली नाही, एवढेच 'घातले' सांगते. आणि हे फक्त भूतकाळी रूपांतच राहते. 'निवडणुका येऊ घालतात' किंवा 'भिंत पडू घालेल' असे कोणी बोलत नाही. नकारही चालत नाही. 'येऊ न घातलेली इंजिने' म्हणून पाहा, जीभच अडखळते.

गंमत पुढे आहे. 'घालणे' एरवी सकर्मक. मग 'इंजिनाने येऊ घातले' असे व्हायला हवे होते. पण आपण म्हणतो 'इंजिन येऊ घातले', 'गाडी येऊ घातली'. म्हणजे इथे हुकूम 'येणे'चा चालतो, 'घालणे' नुसते पाठीमागून ओढले जाते. मुख्य क्रियापद सकर्मक करा, की लगेच 'ने' हजर: 'सरकारने करू घातलेला कायदा', 'कारखान्याने बांधू घातलेली इंजिने'. घालणे तेच, पण एकदा 'ने' नाही आणि एकदा आहे. इतके शिस्तीत वागणारे क्रियापद चुकीचे म्हणून कापायचे कसे?

आता अर्थाकडे येऊ, कारण 'येणाऱ्या' लिहून काय बिघडले ते तिथे कळते. 'येणारी इंजिने' म्हणजे येणारच, पण केव्हा, कुठवर आली, याचा पत्ता नाही. ती पुढच्या आठवड्यात येतील किंवा दहा वर्षांनी. 'येऊ घातलेली' म्हटले की लिहिणाऱ्याने एक जबाबदारी घेतली: काम हलले आहे.

विजेच्या इंजिनाच्या बाबतीत ही जबाबदारी अगदी मोजून तपासता येते. प्रवासी गाड्यांची अशी इंजिने आपल्याकडे चित्तरंजन, बनारस आणि पतियाळा इथल्या रेल्वेच्याच कारखान्यांत बांधली जातात. रेल्वेप्रेमी ज्याला वॅप-सेव्हन म्हणतात ते प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन घ्या. नुसती मागणी नोंदवली गेली असेल, तर इंजिने 'प्रस्तावित' किंवा फार तर 'मंजूर'. मग सांगाडा जोडला जातो, पोटाखाली ट्रान्सफॉर्मर बसतो, सांगाडा दोन बोगींवर उतरतो (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, चाकांची चौकट), दर बोगीला चाकांच्या जोड्यांचे तीन आस आणि दर आसाला एक मोटर, छतावर तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ चढतो. सांगाडा उभा राहिल्यापासून चाचण्या संपेपर्यंतचा जो टप्पा, तो 'येऊ घातलेल्या'चा. रंग लागून इंजिन कल्याण, भुसावळ किंवा अजनीच्या शेडच्या ताफ्यात आले की हा शब्द संपला. आता ते 'दाखल झाले'. आणि काही आली, काही यायची आहेत, अशी स्थिती असेल तर 'येऊ लागलेली'. बातम्यांत या दोन शब्दांची सर्रास सरमिसळ होते आणि वाचणाऱ्याला कळत नाही की इंजिन रुळावर आहे की कागदावर.

आणखी एक: 'येऊ घातलेले' येईलच अशी हमी शब्द देत नाही. होऊ घातलेले लग्न मोडते, मोडू घातलेला संसार सावरतो. नव्या धाटणीचे इंजिन चाचणीत हलले-डुलले तर पुन्हा आराखड्याकडे जाते. 'येणारी'पेक्षा हा शब्द मला म्हणूनच प्रामाणिक वाटतो. काहींना 'येऊ घातलेले'मध्ये संकटाची चाहूल ऐकू येते, कारण वृत्तपत्रांत तो दुष्काळ आणि निवडणुकांना जास्त चिकटतो. पण तो संगतीचा दोष आहे, शब्दाचा नाही.

जुने उदाहरण लावून बघा. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून वाफेची इंजिने बनत होती. तिथले पहिले विजेचे इंजिन १९६१ मध्ये बाहेर पडले, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारे, आणि त्याचे नाव ठेवले 'लोकमान्य'. बांधणी चालू असताना त्याबद्दल लिहिणाऱ्याने 'येऊ घातलेले इंजिन' लिहिले असते तर ते चोख बसले असते. तेच १९५० साली लिहिले असते तर ती नुसती आशा ठरली असती.

'बहुप्रतीक्षित' हा पर्याय कोणी सुचवील, म्हणून एक शब्द त्यावर. तो चुकीचा नाही, पण तो वाट पाहणाऱ्यांबद्दल बोलतो, इंजिनाबद्दल काहीच सांगत नाही. 'प्रतीक्षेत असलेले इंजिन' मात्र टाळाच. ते सिग्नलपाशी खोळंबलेले वाटते.

आता त्या दोन जागा. 'विद्युत प्रवासी इंजिने' हा शब्दसमूह डब्ल्यूएपी या अक्षरांतल्या 'पी'चे सरळ भाषांतर आहे: डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे पॅसेंजर. अक्षरांत ते खपते. मराठीत 'प्रवासी इंजिन' म्हटले की इंजिनच प्रवासाला निघाल्यासारखे वाटते. आपण 'मालइंजिन' म्हणत नाही, 'मालगाडीचे इंजिन' म्हणतो. तसेच 'प्रवासी गाड्यांची विजेची इंजिने' म्हणा. ('लोकमान्य' डब्ल्यूसीएम वर्गातले होते. सी म्हणजे डीसी वीज, एम म्हणजे मिश्र, प्रवासी आणि माल अशा दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी. त्याला मराठीत काय म्हणायचे हा वाद तूर्त नको.)

आणि 'दिवसेंदिवस शिगेला पोहोचत आहे'. शीग म्हणजे धान्य मापताना मापाच्या काठावर जो निमुळता ढीग राहतो तो. त्यावरूनच 'शिगोशीग भरणे'. माप शिगेला पोहोचले की पुढचा दाणा खाली घरंगळतो. तेव्हा उत्सुकता शिगेला पोहोचते ती एकदाच, रोज थोडी थोडी नाही. रोज वाढते आहे असे म्हणायचे असेल तर 'वाढत चालली आहे' पुरे.

सांगाडे उभे राहिले असतील, तर माझ्या हातून हे वाक्य असे उतरेल: "प्रवासी गाड्यांसाठी येऊ घातलेल्या विजेच्या नव्या इंजिनांबद्दलची उत्सुकता दिवसेंदिवस वाढत चालली आहे." अजून नुसती घोषणाच झाली असेल, तर 'येऊ घातलेल्या'च्या जागी 'प्रस्तावित' लिहा. 'येणाऱ्या' दोन्ही वेळा नको.