कोट घेण्याआधी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही फोटो काल रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. गॅस मास्क, केसांत गुंफायच्या निऑन नळ्या आणि तो करडा लष्करी कोट. खाली तुझा प्रश्न: "मामा, ह्यातलं काय घातलं तर मी नवखी वाटणार नाही?" प्रश्नच चुकलाय गं. तू निघालीस तो जर्मनीतल्या लाइपझिगचा गॉथ आणि इंडस्ट्रियल संगीताचा मेळा १९९२ला सुरू झाला; पेन्टेकॉस्ट ह्या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत माणसं तिथे लोटतात, पण तुझी परीक्षा घ्यायला कोणी बसलेलं नसतं. विचारायचं एवढंच, की ही वस्तू कुठल्या कामाची? ज्याचं काम माहीत नाही ते अंगावर घालू नकोस.

इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांच्या आणि लोखंडाच्या आवाजातून उभ्या राहिलेल्या ह्या संगीताचा पोशाख कोणा शिंप्याने कागदावर काढलेला नाही. १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटन हे बँडवाले भंगारातलं लोखंड बडवायला लागले. तिथे चपला घालून उभं राहता येत नाही, जड बूट लागतातच. लंडनच्या टेस्ट डिपार्टमेंट ह्या बँडची पोरं उघड्या अंगाने पत्रे ठोकायची, आणि १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात साउथ वेल्सच्या संपकऱ्यांच्या गायकवृंदाबरोबर गायलीही. म्हणून त्यांचा कामगारी वेश मला कधी सोंग वाटला नाही.

तू म्हणशील, मग लायबाख बँडचे गणवेश? गणवेश माणसाचं काय करतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्लोव्हेनियातल्या त्रबोवल्ये ह्या कोळशाच्या गावातली ती माणसं. सत्तेचाच पोशाख त्यांनी सत्तेच्या तोंडासमोर धरला, आणि १९८३ नंतर काही वर्षं तिथल्या ल्युब्ल्याना शहरात लायबाख ह्या नावाने कार्यक्रम करायची बंदी सोसली. तू त्या कोटासाठी काय सोसणार आहेस?

रागावू नकोस. हे मी तुझ्यापेक्षा वाईट रीतीने शिकलोय. नव्वदीच्या सुरुवातीला बर्लिनच्या जुन्या बाजारात पूर्व जर्मन सैन्याचे कोट मातीमोल मिळायचे. एक घेतला, कॉलरवरच्या पट्ट्यांसकट, कारण खांद्यात झकास बसला. ट्राममध्ये शेजारी एक म्हातारी होती. तिने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि उठून दाराशी गेली. मला वाटलं, उतरणार असेल. तीन थांबे गेले तरी दांडा धरून उभीच. तिला विचारायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या कोटातला माणूस कुठे, कोणावर पहारा करत उभा असायचा, काही ठाऊक नसताना मी तो मिरवत होतो. ज्याचं काम माहीत नाही ते घालू नकोस, म्हणतो ते ह्यासाठी.

निऑन नळ्या खुशाल घे. माझ्या वयाची मंडळी नाकं मुरडतात, मुरडू देत. अंधाऱ्या हॉलमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणं हे त्यांचं काम, आणि त्या ते चोख करतात. मास्क मात्र जुना सोव्हिएत असेल तर पुढचा फिल्टरचा डबा आधी काढून टाक. तसल्या डब्यांत ॲस्बेस्टॉस सापडलंय, आणि तू तो तोंडाला लावून रात्रभर नाचणार होतीस!

मी स्वतः काय घालतो, तेही विचारलंस. तुझ्या आजोबांचा खाकी शर्ट. लालबागच्या गिरणीत ते साचेखात्यात फिटर होते, १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तोवर. डाव्या बाहीवर वंगणाचा डाग आहे, इतक्या वर्षांच्या धुण्यात गेला नाही. कोपरावर आजीचं रफू आहे, पांढऱ्या दोऱ्याचं, घरात खाकी दोरा नव्हता म्हणून.

तुझी आई म्हणते, बाबांनी पोटासाठी घातलेला शर्ट तू नाचायला घालतोस. मी तिला दरवेळी हेच सांगतो, की यंत्रांचा हा आवाज मी कॅसेटवर नाही शिकलो. बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा गेटवर पायाखालची जमीन थरथरायची. बर्लिनमध्ये स्टेजवरून तोच आवाज आला तेव्हा मला रडू फुटलं. ज्याचं काम मला तळापर्यंत माहीत आहे असा हा एकच कपडा माझ्याकडे आहे, तो मी नाही घालायचा तर कोणी घालायचा? तिला पटत नाही. मी घालणं सोडलेलं नाही.

कोट परत जात असेल तर उद्याच पाठव. जात नसेल तर विकणाऱ्याला गाठून विचार, कुठल्या तुकडीचा, ती काय करायची. बूट आजपासून रोज घाल, नाहीतर दुसऱ्याच दिवशी टाचा सोलतील.

आणि शर्ट हवा असेल तर मला नको विचारूस. आईला विचार.

तुझा,
मामा